दहावा दिवस नेमका कोणता?

मराठी विभागासाठी "काहीतरी टेक्निकल, पण मेसच्या काकांनाही कळेल असं" लिहून दे, असं संपादक मित्राने सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हणालो. माझी शाळा कॉन्व्हेंटची. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यातलं सिक्स्टी-नाइन कुठलं, हे मला आजही मनातल्या मनात ताडून बघावं लागतं. त्यामुळे शुद्धलेखन तपासणाऱ्याचे आभार मी आधीच मानून टाकतो आणि विषयाला हात घालतो.

विषय एका ओळीचा आहे. फॉर्ममध्ये दोन तारखा आणि दोन वेळा भरल्या, तर मधला काळ किती?

"त्यात काय, वजाबाकी की!" असं तुम्ही म्हणाल. मीही हेच म्हणालो होतो. सेकंड इयरला मिनी प्रोजेक्ट म्हणून आम्ही तिघांनी हॉस्टेलच्या सुट्टीच्या अर्जाचा वेब फॉर्म बनवला. गेटवरचं ते जाडजूड रजिस्टर, त्याला दोरीने बांधलेलं पेन, आणि 'कारण' या रकान्यात सगळ्यांनी खाली खाली मारलेले 'वरीलप्रमाणे' हे सगळं बंद करायचं होतं. जाण्याची तारीख-वेळ, परतीची तारीख-वेळ, कारण, आणि शेवटी आपोआप येणारा आकडा : एकूण कालावधी. प्रोजेक्टला मार्कही चांगले मिळाले. फॉर्म खरोखर वापरायला लागल्यावर मात्र आमची वरात निघाली.

पहिल्याच आठवड्यात एकाचा कालावधी आला उणे सोळा तास पंधरा मिनिटे. पोरगा रात्री साडेदहाला बाहेर पडून सकाळी सव्वासहाला आला होता. आम्ही सरळ ६:१५ मधून २२:३० वजा केले होते. मध्यरात्र ओलांडली की दुसरी वेळ आकड्याने लहान दिसते. अशा वेळी चोवीस तास मिळवायचे, म्हणजे बरोबर उत्तर येतं : सात तास पंचेचाळीस मिनिटे. पण हा उपायही अर्धवट. तो दोन रात्री बाहेर राहिला असता तर? नुसत्या वेळेवरून ते कधीच कळणार नाही. म्हणून तारीख आणि वेळ कधी वेगळी ठेवायची नाही, दोन्ही मिळून एकच क्षण धरायचा आणि क्षणातून क्षण वजा करायचा, हा पहिला धडा.

दुसरा घोळ बाराचा. दुपारचे बारा म्हणजे एएम की पीएम? आमच्या हॉस्टेलमधल्या निम्म्या इंजिनिअरांनी दुपारच्या बाराला 'एएम' निवडलं आणि कागदोपत्री मध्यरात्री गेटबाहेर पडले. वॉचमनमामा वैतागले. आम्ही निमूटपणे चोवीस तासांचं घड्याळ लावलं. रेल्वेवाले उगाच ते वापरत नाहीत.

हे सगळे किरकोळ आजार होते. खरा आजार मेसच्या बिलात निघाला.

आमच्याकडे नियम असा की सलग तीन दिवसांहून जास्त गैरहजर असाल तर त्या दिवसांचे पैसे मेसबिलातून वजा होतात. आता एक पोरगा शुक्रवारी संध्याकाळी सहाला गावी गेला आणि मंगळवारी सकाळी आठला परत आला. तो किती दिवस गैरहजर? घड्याळाने मोजलं तर शहाऐंशी तास, म्हणजे तीन दिवस चौदा तास. पूर्ण रिकामे दिवस मोजले तर शनि, रवि, सोम, तीन. तारखांची वजाबाकी केली तर चार. बोटांवर मोजलं तर शुक्र, शनि, रवि, सोम, मंगळ, पाच! एकच माणूस, एकच सुट्टी, आणि उत्तरं तीन, चार, पाच. यातलं कुठलंच उत्तर चुकीचं नाही. प्रत्येक उत्तराचा प्रश्न वेगळा आहे, एवढंच. आम्ही मात्र फॉर्मवर 'एकूण दिवस' असं छापून मोकळे झालो होतो.

मेसच्या काकांना विचारलं. त्यांनी दिवस मोजलेच नाहीत. "शुक्रवारची रात्र एक, शनिवारची दोन, रविवारी दुपारची एक, रात्री मेस बंदच असते, सोमवारची दोन. सहा ताटं वाचली माझी." मला अजूनही वाटतं की आमच्या सगळ्यांत नेमका प्रश्न फक्त त्यांनाच कळला होता.

हा खांब आणि गाळ्यांचा जुना घोळ आहे. कुंपणाला पाच खांब असतील तर मधले गाळे चार. तारखा हे खांब, मधला काळ म्हणजे गाळे. यात मजा अशी की आपली भाषा बहुतेक वेळा खांबच मोजते. सोमवारी कोणी म्हणालं, "आठ दिवसांनी या," तर आपण पुढच्या सोमवारी जातो, मंगळवारी नाही. सात दिवसांच्या चक्राला आपण आठवडा म्हणतो, कारण सोमवार ते सोमवार बोटांवर मोजले की आठ भरतात. 'पंधरा दिवसांनी' म्हणजे वजाबाकीने चौदा. फ्रेंच लोकही आठवड्याला 'आठ दिवस' आणि पंधरवड्याला 'पंधरा दिवस' म्हणतात, तेव्हा हा काही आपलाच वेडेपणा नाही.

कायदा मात्र गाळे मोजतो. १८९७ च्या जनरल क्लॉजेस अॅक्टच्या नवव्या कलमात आहे की कायद्यात 'अमुक दिवसापासून' असं म्हटलं असेल तर तो पहिला दिवस सोडून मोजायचं. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातही सुरुवातीचा दिवस वगळतात. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी मिळतं, त्यातही प्रवासाचा दिवस धरत नाहीत. आणि गणपती? आपण सर्रास 'दहा दिवस' म्हणतो. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला आणि अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला होती. बोटांवर मोजा, अकरा तारखा. २०२३ साली १९ ते २८ सप्टेंबर, म्हणजे मोजून दहा. कारण तिथी म्हणजे तारीख नव्हे. ती चंद्राच्या चालीने साधारण एकोणीस ते सव्वीस तासांची असते, त्यामुळे एखादी मधल्यामध्ये गडपही होते.

आता थोडं यंत्राबद्दल. ज्यांना कोडिंगचा कंटाळा आहे त्यांनी पुढचे तीन परिच्छेद सोडून थेट नरसिंहपूरला यावं.

संगणक वेळ मोजतो ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून. ही मध्यरात्र यूटीसीची, म्हणजे ढोबळमानाने ग्रीनिचची. भारतात तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. हे साडेपाच तास आपला पिच्छा सोडत नाहीत. जावास्क्रिप्टला '२०२५-०८-१५' अशी नुसती तारीख दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र समजली जाते. त्याच तारखेला वेळ जोडली, पण कुठल्या देशाची ते लिहिलं नाही, तर ती इथली वेळ समजली जाते. आमच्या फॉर्मच्या पहिल्या आवृत्तीत जाण्याची नुसती तारीख होती आणि परतीची तारीख-वेळ. परिणाम असा की सगळं हॉस्टेल पहाटे साडेपाचला गेटबाहेर पडत होतं! रेक्टरसरांना आधी कौतुक वाटलं, पोरं व्यायामाला जातात म्हणून.

तारखेच्या रकान्याचंही तसंच. ०५/०८ म्हणजे पाच ऑगस्ट की आठ मे? माणसाला हाताने लिहायला सांगितलं की हा घोटाळा ठरलेला. म्हणून ब्राउझरचा तयार रकाना वापरावा. तो दिसताना कसाही दिसो, आत मात्र नेहमी वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने साठवतो. महिना मिळवतानाही जपून. ३१ जानेवारीत जावास्क्रिप्टने एक महिना मिळवला की ३ मार्च येतो (लीप वर्ष नसेल तर), कारण ३१ फेब्रुवारी नाही म्हटल्यावर तो उरलेले दिवस पुढे ढकलतो. आणि 'एक दिवस' म्हणजे दरवेळी चोवीस तास नव्हेत. माझा मामेभाऊ न्यू जर्सीला असतो. तिथे ९ मार्च २०२५ चा रविवार तेवीस तासांचा होता, कारण त्या दिवशी त्यांची घड्याळं एक तास पुढे गेली.

"आपल्याकडे कुठे असलं काही असतं," असं म्हणू नका. आजीला एसटीचा पंचाहत्तरीनंतरचा मोफत प्रवास मिळतो म्हणून मी गमतीने फॉर्ममधलं फंक्शन वापरून तिचं वय दिवसांत काढलं. तिची जन्मतारीख १ जून १९४३. (त्या पिढीतल्या निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी टाकलेली. आजीच्या मते ती 'नरसिंह जयंतीनंतर तिसऱ्या दिवशी' जन्मली.) उत्तर एका दिवसाने जास्त आलं. दोन रात्री डोकं आपटल्यावर कळलं की दुसऱ्या महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ भारताची घड्याळं एक तास पुढे होती, आणि संगणकाच्या टाइमझोनच्या नोंदीत ते जपून ठेवलेलं आहे. त्यामुळे दोन मध्यरात्रींमधलं अंतर पूर्ण दिवसांवर एक तास जास्त भरलं, आणि मी 'अर्धा दिवसही दिवसच' म्हणून वरचा पूर्णांक घेत होतो. म्हणजे त्या एका तासाचा एक दिवस झाला! उपाय सोपा आहे. नुसते दिवस मोजायचे असतील तेव्हा दोन्ही तारखा यूटीसीच्या मध्यरात्री मानायच्या आणि मग वजाबाकी करायची. तिथे घड्याळ पुढेमागे होत नाही. आजीला हे सांगितलं तर ती हसून म्हणाली, "म्हंजे इंग्रजानं माझा एक तास खाल्ला म्हण की!"

आता नरसिंहपूर. इंदापूर तालुक्याचं, आणि पुणे जिल्ह्याचंही, हे अगदी आग्नेयेचं टोक. नीरा आणि भीमा इथे मिळतात. भीमेपलीकडे माढा, नीरेपलीकडे माळशिरस, दोन्हीकडे सोलापूर जिल्हा. संगमावर दगडी घाट आणि वर लक्ष्मी-नृसिंहाचं देऊळ. वडिलांच्या नोकरीमुळे आम्ही पुण्यात वाढलो, पण उन्हाळ्याच्या सुट्ट्या सगळ्या इथे आजीकडे. माझं जे काही मराठी आहे ते तिथलंच. घटकाभर बस म्हणाली की मी घड्याळ लावायचो, कारण घटका म्हणजे चोवीस मिनिटं हेही तिनेच सांगितलेलं. तिची तारीख सूर्य उगवल्यावर बदलायची. रात्री दीडला कुत्रं भुंकलं तर सकाळी ती 'काल रात्री' म्हणायची आणि मी तिला सुधारायचो, "आजी, टेक्निकली आज."

आजी २०२५ च्या नोव्हेंबरात गेली. १२ तारखेला, पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी. मी सकाळी निघून दुपारी पोचलो, अंत्यविधी झाला, आणि ओरल्स चालू असल्यामुळे दुसऱ्या दिवशी परत आलो. निघताना आई म्हणाली, "दहाव्याला वेळेवर ये." मी हो म्हणालो. तारीख कोणाला विचारली नाही. विचारायचं काय त्यात? बारा अधिक दहा, बावीस. हॉस्टेलवर येऊन आमच्याच फॉर्ममध्ये अर्ज टाकला : जाणे २१ नोव्हेंबर दुपारी, येणे २४ ला सकाळी, कारण दहावा. कालावधी अगदी बिनचूक आला. मला तर त्यातही बरं वाटलं, की फॉर्म आता बरोबर चालतोय.

१९ तारखेला रात्री पावणेबाराला चुलतभावाचा फोन. "कुठवर आलास?"

मी म्हणालो, "हॉस्टेलवर आहे. का रे?"

"अरे, उद्या सकाळी सहाला घाटावर जायचंय!"

मी त्याला समजावायला लागलो की दहावा बावीसला. तो दोन सेकंद गप्प राहिला आणि फोन काकांकडे दिला. काकांनी मला एखाद्या लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. पहाटे तीन म्हणजे सूर्योदय झाला नव्हता, म्हणून आमच्या गुरुजींच्या हिशोबात आजी मंगळवारीच गेली, अकरा तारखेला. आणि तो दिवस पहिला धरायचा. अकरा हा पहिला, बारा दुसरा, असं करत वीस तारीख दहावी. पंचांगात 'उत्तररात्र' हा शब्द असतो तो याचसाठी, मध्यरात्र उलटली तरी रात्र आदल्याच दिवसाची. दवाखान्याच्या कागदावर बारा आहे, तेही खरंच आहे.

माझी चूक दोन दिवसांची होती, आणि ती दोन वेगळ्या जागी झाली होती. एक दिवस गेला दिवस कधी सुरू होतो ते न विचारल्यामुळे. दुसरा गेला खांबांऐवजी गाळे मोजल्यामुळे. मेसबिलासाठी हेच मी महिनाभर सगळ्यांना समजावत फिरलो होतो.

गेट साडेदहाला बंद होतं. मी रेक्टरसरांचं दार वाजवलं. त्यांनी चष्मा लावून फोनवर फॉर्म उघडला. "अर्ज तर एकवीसचा दिसतोय." मी काय घडलं ते सांगितलं. सर पुढे काही बोलले नाहीत, पायात चप्पल सरकवून स्वतः गेटपर्यंत आले आणि मामांना उठवलं. सोलापूरकडे जाणाऱ्या एसटीत उभ्याने जागा मिळाली. इंदापूरला उतरलो तेव्हा पहाट व्हायची होती. पुढची गाडी सकाळची. बावड्यापर्यंत एका दुधाच्या टेम्पोने घेतलं, तिथून नरसिंहपूरला पोचायला साडेआठ वाजले.

घाटावर सतरंज्या गुंडाळून झाल्या होत्या. कावळा शिवून गेला होता. बाबा डोकं भादरून पायरीवर बसले होते, मला त्यांना ओळखायला क्षणभर लागला. आई एवढंच म्हणाली, "आधी आंघोळ करून घे." नोव्हेंबरचं नीरेचं पाणी फार गार असतं. मी घरातला थोरला नातू. आजीच्या तिलांजलीत माझी ओंजळ नाही.

हॉस्टेलवर आल्यावर आम्ही फॉर्म बदलला. 'एकूण दिवस' हा रकाना काढून टाकला. आता तिथे तीन वेगवेगळे आकडे येतात, नावासकट : 'बाहेर राहिलेले तास', 'पूर्ण गैरहजर दिवस' आणि 'न घेतलेली जेवणं'. मेसबिल तिसऱ्यावर ठरतं. काकांनी ते मान्य केलं, रविवारची रात्र वगळून. कारण म्हणून 'दहावा', 'तेरावा' किंवा 'वर्षश्राद्ध' निवडलं तर फॉर्म तारीख सुचवत नाही, फक्त एक ओळ दाखवतो : घरी फोन करून तारीख विचारली का? ही ओळ मीच घातली. प्रोजेक्ट गाइडना ती 'अनटेक्निकल' वाटली. राहू दिली.

माझ्या पार्टनरने मध्यंतरी उत्साहाने विचारलं, वर्षश्राद्धासाठी सरळ तीनशे पासष्ट मिळवायचे ना? चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. त्यातून २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे तिथीने वर्ष तेरा महिन्यांचं, ३८४ दिवसांच्या आसपास. माझ्या अंदाजाने डिसेंबर उजाडेल. पण अंदाज मी कोणाला सांगितला नाही. काकांना फोन लावला. ते म्हणाले, गुरुजींना विचारून कळवतो. मी म्हणालो, कळवा, मग मी अर्ज भरतो.